मत हक्काचं, शहाणपणाचं नव्हे

परदेशस्थ भारतीयांना तिथूनच मतदान करू द्या, ही मागणी या आठवड्यात पुन्हा कानावर आली. मागणीला माझा विरोध नाही, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. चीड येते ती तिला जोडलेल्या युक्तिवादाची: प्रगत लोकशाहीत राहिलेला माणूस जातपात, धर्म यांच्या पलीकडे पाहतो, म्हणून त्याचं मत अधिक डोळस.

हा दावा तुर्कस्तानच्या २०२३ च्या निवडणुकीत साफ उघडा पडला. अध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीत एर्दोआन ५२ टक्के मतांनी निवडून आले. जर्मनीत मतदान केलेल्या तुर्कांनी मात्र त्यांना सुमारे ६७ टक्के मतं दिली, आणि अमेरिकेतल्या ८० टक्क्यांहून अधिक तुर्कांनी विरोधी उमेदवाराला. दोन्ही देश श्रीमंत, दोन्हीकडे लोकशाही. मतपत्रिका तीच, त्यावर मारायचा शिक्काही तोच. मग फरक कशाने पडला? कोण गेलं, कशासाठी गेलं आणि तिथे त्याला कसं वागवलं, याने. १९६१ च्या करारानंतर जर्मनीने अनातोलियाच्या खेड्यापाड्यांतून माणसं नेली, खाणींत आणि कारखान्यांत राबवली आणि त्यांना पाहुणे कामगारच म्हणत राहिली. त्यांच्या मुलांना जन्माने नागरिकत्व मिळायला २००० साल उजाडलं, तेही अटी घालून. अशा माणसांना २००८ मध्ये कोलोनला येऊन एर्दोआननी ‘तुम्ही आमचे’ असं सांगितलं, ते त्यांच्या मनाला भिडलं. अमेरिकेत गेले त्यांत शिकलेल्या, शहरी घरांतले खूप. ते आपली मतं घरूनच घेऊन निघाले होते.

जर्मन नागरिक झालेले तुर्क मात्र तिथल्या निवडणुकांत वर्षानुवर्षं सोशल डेमोक्रॅट्सकडे झुकत आले, कारण तिथे ते अल्पसंख्य. न्यू जर्सीतल्या कितीतरी मराठी घरांत हेच दिसतं: तिथे स्थलांतरितांच्या हक्कांची भाषा, इथल्या अल्पसंख्यांचा विषय निघाला की सूर वेगळा.

म्हणून मत मागा ते हक्क म्हणून. २०२४ च्या लोकसभेला नोंदलेल्या सुमारे १ लाख १९ हजार परदेशस्थ मतदारांपैकी २,९५८ जणच इथे येऊन मत देऊ शकले. त्यांतले २,६७० केरळचे. खेड-दापोलीहून कुवेतला गेलेल्या ड्रायव्हरला तिथलं नागरिकत्व मिळण्याची आशा नाही. त्याचे आईवडील, घर, कर्जाचे हप्ते सगळं इथे. एका मतासाठी त्याला विमानाचं तिकीट काढायला लावणं हा अन्याय आहे. टपाली मतपत्रिका निघालीच तर ती आधी त्याच्या हाती पडली पाहिजे.