मैंदर्गीच्या बौद्धांनो, उमेदवारास प्रश्न विचारा



निवडणूक जवळ आली म्हणजे आपल्या वस्तीची वाट सर्वच पक्षांना ठाऊक होते. पुढाऱ्याच्या गळ्यात निळे उपरणे पडते, तोंडी ‘जयभीम’ येतो, बाबासाहेबांच्या प्रतिमेस हार चढतो आणि समाजमंदिराच्या पत्र्याचे, नाही तर कमानीचे आश्वासन देऊन मंडळी अर्ध्या तासात पुढच्या गल्लीत निघून जातात. ह्या अर्ध्या तासात त्यांना एकही प्रश्न विचारला जात नाही. आपण ऐकतो, टाळ्या वाजवितो. आणि रात्री चार कारभारी बसून ‘यंदा वस्तीची मते अमक्याला’ असे ठरवून टाकतात. ज्या जोहाराला आपण मूठमाती दिली, तोच जोहार हा नव्या वेषात परत आलेला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपला अक्कलकोट विधानसभा मतदारसंघ खुला आहे. २०१४ साली येथून श्री. सिद्धाराम म्हेत्रे निवडून आले. २०१९ व २०२४ साली श्री. सचिन कल्याणशेट्टी निवडून आले. ह्यांपैकी कोणाविरुद्ध फिर्याद मांडण्यासाठी हा लेख नाही. पुढील निवडणूक मुदतीप्रमाणे २०२९ च्या अखेरीस व्हावयाची आहे आणि त्या वेळी उभे कोण राहील हे सांगता येत नाही. पण जो कोणी उभा राहील तो खुल्या जागेवरचा असल्यामुळे आपल्या प्रश्नांचा अभ्यास करून येण्याची गरज त्याला वाटणार नाही. ती गरज आपणच निर्माण केली पाहिजे, आणि तिची तयारी आज झाली पाहिजे.

मत ही वस्तू आपल्याला कशी मिळाली ते आठवा. हा आपला मुलूख १९४८ पर्यंत संस्थानी अमलाखाली होता. १९३७ व १९४६ साली मुंबई विधिमंडळाच्या निवडणुका झाल्या, परंतु संस्थानी प्रजेचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता. बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साऊथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराचा प्रश्न मांडला, १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे प्रौढ मतदानाची मागणी केली. आणि ती मागणी राज्यघटनेत उतरली म्हणून १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आपल्या निरक्षर आजी-आजोबांना मालकाच्या बरोबरीने एक मत मिळाले. ते मत चार कारभाऱ्यांना मुखत्यारपत्र म्हणून लिहून द्यावे, असे ह्या इतिहासात कोठे म्हटले आहे?

आणि आपण तर बुद्धाचे अनुयायी आहोत. केसपुत्तच्या कालामांना भगवंतांनी, परंपरा सांगते म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणूनही एखादी गोष्ट स्वीकारू नये, असा उपदेश केला. गुरूला प्रश्न विचारण्याची मुभा देणारा धम्म स्वीकारल्यानंतर उमेदवारापुढे मात्र हात जोडून गप्प बसावयाचे, ह्याला दीक्षा म्हणावे काय?

आता प्रश्न कोणते विचारावयाचे? येथेच आपली फसगत होते. उमेदवार आपल्यासमोर नेहमी त्या गोष्टींविषयी बोलतो ज्या त्याच्या हातात नाहीत. ‘मी संविधानाचे रक्षण करीन’ हे वाक्य २०२४ सालच्या प्रचारात आपण इतक्या वेळा ऐकले की त्याचा अर्थच झिजून गेला. अनुसूचित जातींच्या यादीत फेरफार करणे हे अनुच्छेद ३४१ प्रमाणे संसदेचे काम आहे, आमदाराचे नव्हे. सीमेपलीकडून कलबुर्गी जिल्ह्यातून सून होऊन आलेल्या मुलीला महाराष्ट्रात सवलती मिळत नाहीत. हा प्रश्नही सर्वोच्च न्यायालयाच्या १९९० च्या व त्यानंतरच्या निकालांनी बांधलेला आहे. ‘तिचा दाखला मी काढून देतो’ असे कोणी आमदारकीचा उमेदवार म्हणाला, तर त्याला कायदा ठाऊक नाही किंवा तो आपल्याला अडाणी समजतो, एवढेच त्यातून सिद्ध होते. उलट जमीन, पोलीस, नगरपरिषद, स्मशानभूमी हे विषय राज्यसूचीत आहेत. त्यांवर तो मौन पाळतो, आणि आपणही.

मात्र घटनेच्या बाबतीत एक प्रश्न आमदाराला अवश्य विचारता येतो, आणि तो फार मोलाचा आहे. लोकसभा व विधानसभांतील राखीव जागांची मुदत १०४ व्या घटनादुरुस्तीने जानेवारी २०३० पर्यंत वाढविलेली आहे. ही मुदत वाढवावयाची तर संसदेच्या निर्णयास निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यता लागते. मागील वेळी महाराष्ट्र विधिमंडळाने ८ जानेवारी २०२० रोजी खास अधिवेशन घेऊन ती दिली. म्हणजे २०२९ च्या अखेरीस निवडून येणाऱ्या आमदारापुढे पहिल्या काही आठवड्यांतच हा ठराव येण्याचा संभव आहे. त्या दिवशी तो सभागृहात हजर राहील काय? हात कोणत्या बाजूने वर करील? हे मत देण्यापूर्वी विचारावयाचे असते, नंतर नाही.

नवदीक्षित कुटुंबांस सर्वांत जवळचा प्रश्न जातीच्या दाखल्याचा. अजूनही पुष्कळ घरांत अशी भीती आहे की, कागदावर ‘बौद्ध’ लिहिले तर मुलाची सवलत जाईल. ही भीती हवेतून आलेली नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात हिंदूंवाचून (१९५६ नंतर हिंदू व शीख यांवाचून) कोणास अनुसूचित जातीत गणले जात नव्हते. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत डॉ. डी. पी. मेश्राम नागपूरच्या राखीव जागेवरून निवडून आले. परंतु त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारल्याचे उघडपणे जाहीर केले होते, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये त्यांची निवड रद्द ठरविली. महाराष्ट्र शासनाने १९६० पासून नवबौद्धांस राज्याच्या सवलती दिल्या होत्या, पण राखीव जागेवर उभे राहण्याचा अधिकार देणे राज्याच्या हातात नव्हते. तो अधिकार १९९० च्या संसदीय कायद्याने मिळाला. नागपूरच्या दीक्षेनंतर चौतीस वर्षांनी! तेव्हा आज दीक्षा घेतल्याने अनुसूचित जातीचा हक्क जात नाही, हे ठामपणे समजून घ्या.

परंतु हक्क असणे व दाखला हाती पडणे ह्यांत मोठे अंतर आहे. महाराष्ट्राच्या २००० सालच्या जात प्रमाणपत्र कायद्याच्या कलम ८ प्रमाणे जात सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर आहे, आणि १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे वास्तव्य व पुरावे त्याने आणावयाचे असतात. ज्यांच्या आजोबांना शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांनी आजोबांचा शाळेचा दाखला आणावा, अशी ही मागणी आहे! रक्ताच्या नात्यातील एकाची वैधता रीतसर ठरली असेल तर फसवणूक नसताना दुसऱ्यास अडवू नये, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले. तरी प्रत्येक पिढीला कागदांची तीच वारी करावी लागते. हा कायदा संसदेचा नव्हे, विधिमंडळाचा आहे. कलम ८ मध्ये, निरक्षर पूर्वजांच्या वारसांसाठी, दुरुस्तीचे विधेयक आपण मांडाल काय, हा प्रश्न आमदाराच्याच अधिकारातला आहे.

दुसरा प्रश्न पैशाचा. अनुसूचित जाती उपयोजनेसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात, म्हणजे २०११ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे ११.८ टक्के, निधी ठेवावा असे धोरण आहे. कायदा मात्र नाही. आपले सोयरे ज्या कर्नाटकात राहतात तेथे २०१३ पासून असा कायदा आहे. आंध्र प्रदेशानेही त्याच वर्षी केला, तेलंगणाने २०१७ मध्ये. कायदा केला म्हणजे पैसा सुरक्षित झाला असे नाही. कर्नाटकातही हा निधी शासनाच्या हमी योजनांकडे वळविल्यावरून मोठा वाद झाला. पण तेथे वाद घालावयास कायद्याचे कलम तरी आहे. आपल्याकडे मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लक्ष रुपये लाडकी बहीण योजनेसाठी वळविण्यात आले, तेव्हा नागरिकाने कोणत्या कलमावर बोट ठेवावे? ‘तो पैसा आमच्याच भगिनींना मिळाला ना?’ असे म्हणणारे भेटतील. त्यांना सांगावे की, ती योजना सर्व जातींच्या भगिनींसाठी आहे आणि इतरांचा खर्च जसा सर्वसाधारण तिजोरीतून होतो तसा आमच्या भगिनींचाही व्हावा. उपयोजना ही शतकांचा अनुशेष भरून काढण्यासाठी वर दिलेली रक्कम आहे. वसतिगृह व शिष्यवृत्ती ह्यांच्या पैशाने सर्वांचीच योजना चालवावयाची असेल, तर तसे प्रचारसभेत उघड बोलावे.

जमिनीविषयी थोडक्यात सांगतो. कनिष्ठ वतने १ ऑगस्ट १९५९ पासून नाहीशी झाली आणि परत दिलेली वतनी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून विकता येत नाही. ज्या घराण्यांकडे वतन होते त्यांनी आजचा सात-बारा काढून पाहावा. नाव परक्याचे असेल तर ते कसे चढले, हे उमेदवारासमोर कागद धरून विचारावे. भूमिहीनांस चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन देणारी कर्मवीर दादासाहेब गायकवाड योजना २००४ पासून आहे. अक्कलकोट तालुक्यात आजवर किती कुटुंबांना जमीन मिळाली, तो आकडा माहितीच्या अधिकारात आधीच मागवून ठेवा. आकडा आपल्या खिशात असला म्हणजे उमेदवाराच्या उत्तराची परीक्षा तिथल्या तिथे होते.

जो पूर्वी आमदार राहिला आहे त्याच्यासाठी एक प्रश्न राखून ठेवा. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात दक्षता व नियंत्रण समिती असते. ती तीन महिन्यांतून एकदा भरली पाहिजे, आणि जिल्ह्यातील आमदार तिचे सदस्य असतात. पाच वर्षांत वीस बैठका. किती झाल्या? आपण किती बैठकींस हजर होतात? तेथे काय बोललात? ह्या प्रश्नाला भाषण करून उत्तर देता येत नाही.

‘असे विचारल्याने पुढारी रागावेल, वस्तीची कामे अडतील,’ असे आपल्यातीलच वडीलधारे म्हणतात. त्यांच्या वयाचा मान राखून मी विचारतो, न विचारल्याने कोणती कामे झाली? गटार व रस्ता हा नागरिकाचा हक्क आहे, मौनाचे बक्षीस नव्हे. अमक्यालाच मत द्या असा धाक घालणाऱ्यावर अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३(१) खाली गुन्हा होतो; बहिष्काराची धमकी हे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे भ्रष्ट आचरण आहे. आणि हेही ध्यानात ठेवा की, मतासाठी पैसे देणारा जसा गुन्हेगार तसा घेणाराही, असे भारतीय न्याय संहितेचे कलम १७० सांगते. अदिन्नादानाचे शील घेतलेल्यास खरे तर कलमाची आठवण द्यावी लागू नये.

आता व्यवस्थेविषयी. विहारात ही सभा घेऊ नका. प्रार्थनास्थळाचा निवडणूक प्रचारासाठी उपयोग करण्यास आचारसंहितेची मनाई आहे. चौकात किंवा सभागृहात, रीतसर परवानगीने, सर्व उमेदवारांस एकच पत्र पाठवून सभा बोलवा, आणि मतदान संपण्यापूर्वीच्या अठ्ठेचाळीस तासांत ती येऊ देऊ नका. प्रश्न पाचाहून अधिक नसावेत. ते मराठीत व कन्नडात दोन्ही भाषांत छापा. आपल्या भागातील कित्येक घरांत चुलीपाशी कन्नड बोलली जाते, आणि मंचावर मराठीत एक व ओसरीवर कन्नडात दुसरे सांगण्याची सोय उमेदवारास राहू नये. पहिला प्रश्न भगिनींपैकी एकीने वाचावा. प्रत्येक उमेदवाराचे शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळते. त्यातील प्रलंबित गुन्ह्यांचा रकाना सभेपूर्वी वाचून घ्यावा. उत्तराच्या कागदावर उमेदवाराची सही व तारीख घ्या, दोन प्रती करा. जो सही करणार नाही त्याच्या नावापुढे ‘उत्तर दिले नाही’ असे लिहा. जो येणारच नाही त्याच्यापुढे ‘आला नाही’ असे लिहा. आणि तो कागद मतदानाच्या आधी वस्तीतील प्रत्येक घरी पोहोचवा.