नोंदच नाही, तर न्याय कोठून?

भीमजयंतीच्या सायंकाळी पिंपरीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर चौकात एरवी पाय ठेवायला जागा नसते. निळे झेंडे, ग्रंथांचे स्टॉल, लेकरांना खांद्यावर घेतलेले बाप. १४ एप्रिल २०२० च्या सायंकाळी मात्र तेथे पोलिसांचे बॅरिकेड आणि झाडू मारणारे सफाई कामगार एवढेच होते. कोरोनाची टाळेबंदी होती. जयंती घरीच साजरी करण्याचे आवाहन समाजाने शिस्तीने पाळले होते. शिधावाटपाचा पास घेऊन आम्ही दोघे-तिघे कार्यकर्ते चौकातून चिंचवड स्टेशनकडे पायी निघालो.

शिफ्ट सुटताना जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग लागते. त्या दिवशी दुकानांची शटर खाली होती. स्टेशनच्या अलीकडे फुटपाथवर बोचकी घेऊन काही तरुण बसले होते. चाकणहून चालत आलेले. टाळेबंदी त्याच रात्री संपणार आणि रेल्वे सुरू होणार, या आशेवर. पण पंतप्रधानांनी सकाळीच मुदत ३ मेपर्यंत वाढवली होती. याच आशेने त्याच दिवशी मुंबईत वांद्रे स्थानकाबाहेर हजारो मजूर जमले होते.

"काम कोणाकडे करता?" आम्ही विचारले. एक बिहारचा, दुसरा नांदेडचा. दोघांनाही ठेकेदाराचे नाव आणि मोबाइल नंबर एवढेच ठाऊक, आणि तो मोबाइल बंद. "साहेब, गेटपास गेटवरच ठेवून घेतला," नांदेडचा म्हणाला. कंपनीचे नाव त्याच्या शर्टावर होते. त्याचे नाव मात्र कंपनीच्या हजेरीपटावर नव्हते!

कायदा नव्हता काय? होता. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने मालकाची नोंदणी, ठेकेदाराला परवाना, मजुराला फोटोसह पासबुक, प्रवासभत्ता, निवारा, औषधोपचार हे सारे बंधनकारक केले होते. पण बिहारच्या तरुणाकडे पासबुक नव्हते, आणि नांदेडचा तर याच राज्यातला म्हणून या कायद्याच्या कक्षेतच नव्हता. टाळेबंदीतही पूर्ण वेतन द्या, असा आदेश केंद्राने २९ मार्च २०२० रोजी काढला आणि १८ मेपासून मागे घेतला. १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांना आपसांत वाटाघाटी करण्यास सांगितले. ज्याच्या हाती कागदच नाही, त्याने वाटाघाटी कोणाशी करायच्या?

८ मे २०२० रोजी जालन्याहून रुळांवरून चालत निघालेले १६ मजूर करमाडजवळ मालगाडीखाली चिरडले गेले. सप्टेंबरात केंद्र सरकारने लोकसभेत सांगितले की, टाळेबंदीत मेलेल्या स्थलांतरित मजुरांची आकडेवारी ठेवलेली नाही. जिवंतपणी ज्यांची नोंद नव्हती, त्यांच्या मरणाची नोंद कोण ठेवणार? हा निव्वळ हलगर्जीपणा नव्हे. नोंद केली की देणे लागते, हे व्यवस्थेला पुरते ठाऊक आहे.

पुढे न्यायालयाच्या रेट्यानंतर ऑगस्ट २०२१ मध्ये ई-श्रम पोर्टल आले. त्यात मजुराचे नाव येते, मालकाची जबाबदारी येत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९७९ चा कायदा इतिहासजमा झाला. त्या कायद्याला पाच मजूर पुरत होते, आता दहा लागतात. आठ मजूर आणणारा ठेकेदार सुटला! मात्र प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे याच संहितेने सक्तीचे केले आहे. हा आपल्या हाती आलेला एक धागा आहे. तो सोडता कामा नये.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना त्यांनी मांडलेल्या विधेयकातून १९४६ साली कारखान्यातील आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. पण हजेरीपटावर नाव नसलेल्याचे तास मोजणार कोण? भोसरी, चाकण, म्हाळुंगेच्या ठेकेदारीत राबणाऱ्यांत आपले बांधव किती आहेत, हे सांगायला नको. म्हणून आमची सूचना साधी आहे. दर रविवारी वंदनेनंतर विहारात एक टेबल मांडा. नियुक्तिपत्र, वेतनचिठ्ठी, पीएफ क्रमांक कोणाकडे आहे आणि कोणाकडे नाही, याची वही ठेवा. ज्याच्याकडे नाही, त्याचा लेखी अर्ज तेथेच लिहून कामगार आयुक्तांकडे पाठवा आणि पोच घ्या. जयंतीच्या चौकातही ग्रंथांच्या स्टॉलशेजारी हे टेबल दिसले पाहिजे. पुढची साथ सांगून येणार नाही. तेव्हा स्टेशनच्या फुटपाथवर बसलेल्या आपल्या माणसाच्या हाती किमान एक कागद असावा. जयभीम!