धुराचे ऋण

अमेरिकेतील एखाद्या लहान गावात आगीचा भोंगा वाजतो, तेव्हा कोणी लोखंडी सामानाच्या दुकानाचे शटर अर्ध्यावर ओढून धावतो, कोणी हिशेबाची वही उघडी टाकून उठतो, तर कोणी शेतातील काम तसेच सोडून निघतो. त्या देशातील अग्निशामकांपैकी सुमारे दोन-तृतीयांश असे स्वयंसेवक आहेत. बेंजामिन फ्रँकलिन या मुद्रण व्यावसायिकाने १७३६ मध्ये फिलाडेल्फिया येथे पहिले स्वयंसेवी अग्निशमन पथक उभारण्यात पुढाकार घेतला. सामान वाहून नेण्याच्या पिशव्या आणि चामडी बादल्या सभासदांनी स्वतःच्याच घरी सज्ज ठेवाव्यात, असा त्या पथकाचा नियम होता. शेजाऱ्याचे घर वाचविणे हे गृहस्थाचे कर्तव्य आहे, ही भावना तेव्हापासून त्या समाजात रुजली.

या सेवेत छप्पर कोसळून कोणाचा मृत्यू झाला, तर त्याचे कारण सर्वांना दिसते. १९७६ च्या संघराज्य कायद्याने कर्तव्यावर मृत्यू पावलेल्या अग्निशामकाच्या कुटुंबास ५० हजार डॉलर देण्याची तरतूद केली. सेवक मोबदला घेत असो वा नसो, तो त्या कायद्याच्या कक्षेत येतो, हे त्याचे वैशिष्ट्य. पुढे महागाईच्या प्रमाणात ही रक्कम वाढत गेली आणि आज ती चार लाख डॉलरहून अधिक आहे.

परंतु धूर आपले काम सावकाश करतो. जळणारे प्लास्टिक, रंग, जुन्या इमारतींतील ॲस्बेस्टॉस यांचे कण श्वासावाटे आणि त्वचेवाटे शरीरात शिरतात आणि रोग कित्येक वर्षांनी प्रकट होतो. तोपर्यंत तो स्वयंसेवक निवृत्त झालेला असतो. कुटुंबाने दावा केला की प्रश्न येतो, हा कर्करोग नेमक्या कोणत्या आगीमुळे झाला? पंचवीस वर्षांत विझविलेल्या शेकडो आगींतून एक बोट दाखविणे कोणत्याही विधवेस शक्य नसते. पगारी अग्निशामकास निदान नोकरीची कागदपत्रे आणि निवृत्तिवेतनाचा आधार असतो. स्वयंसेवकाच्या घरी उरते ती दुकानाची बंद राहिलेली फळी आणि औषधोपचारांची बिले.

या अडचणीवर कायद्याने शोधलेला मार्ग म्हणजे गृहीतक. विशिष्ट सेवा केलेल्या व्यक्तीस विशिष्ट रोग झाला, तर तो सेवेमुळेच झाला असे मानावे आणि तसे नसल्यास ते सिद्ध करण्याचा भार दुसऱ्या बाजूवर टाकावा. २००३ मध्ये अमेरिकेने हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांबाबत असे गृहीतक स्वीकारले. कष्टाच्या वा तणावाच्या कामगिरीनंतर २४ तासांच्या आत झटका येऊन मृत्यू झाल्यास तो कर्तव्यावरील मृत्यू मानला जाऊ लागला. कर्करोगाच्या बाबतीत निरनिराळ्या राज्यांनी पावले उचलली. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशामकाचा व्यवसायच कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. फुप्फुसाच्या आवरणाचा आणि मूत्राशयाचा कर्करोग यांबाबत तिने पुरावा पुरेसा मानला. त्यामुळे या कुटुंबांच्या म्हणण्यास मोठे बळ मिळाले.

न्यूयॉर्क राज्यात २०१९ पासून लागू झालेला कायदा केवळ स्वयंसेवकांसाठी आहे. त्यानुसार कर्करोगाने मृत्यू झाल्यास कुटुंबास ५० हजार डॉलर मिळतात. मात्र अटी काटेकोर आहेत. जळत्या इमारतीच्या आत शिरून किमान पाच वर्षे काम केलेले असावे, आणि सेवेत प्रवेश करतानाच्या वैद्यकीय तपासणीत कर्करोगाचे चिन्ह आढळलेले नसावे. आतील कामाचा पुरावा म्हणून श्वसनयंत्राचा मुखवटा नीट बसतो की नाही, याच्या वार्षिक चाचण्यांच्या नोंदी पाहिल्या जातात. कॅनडाने २०१८ पासून याहून उदार धोरण ठेवले आहे. तेथे सेवेमुळे जडलेल्या आजाराने मृत्यू झालेल्या स्वयंसेवकाच्या कुटुंबासही तीन लाख डॉलरचे करमुक्त अनुदान मिळू शकते.

व्यापारी घराला यातील मर्म समजावून सांगावे लागत नाही. रोजमेळात जी नोंद नाही, ती खतावणीत येत नाही. ज्या पथकाने प्रत्येक आगीची तारीख, तपासणीचा कागद आणि चाचणीची पावती जपली, त्याच्या सभासदाच्या पत्नीला दाराबाहेर ताटकळावे लागत नाही. जेथे सेवेच्या उत्साहात वही लिहायची राहून गेली, तेथे कायदा असूनही हात रिकामे राहतात. सेवाभावी संस्था चालविणाऱ्या प्रत्येकाने घ्यावा असा हा बोध आहे. स्वयंसेवक स्वतःसाठी काही मागत नाही, म्हणूनच त्याच्या वतीने कागद सांभाळणे हे संस्थेचे काम ठरते.

भारतालाही हे तत्त्व परके नाही. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने व्यावसायिक रोगांची यादी करून असेच गृहीतक मान्य केले होते. पण ते मालकाकडे काम करणाऱ्या कामगारापुरते होते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी त्या तारखेपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. स्फोटात गेलेल्यांची तारीख देश लक्षात ठेवतो. धुराने वर्षानुवर्षे झिजून गेलेल्याची तारीख मात्र केवळ त्याच्या घराला ठाऊक असते.

अशा घराला मिळणाऱ्या रकमेस मदत म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु ज्याचे गोदाम वा घर कोणीतरी विनामूल्य वाचविले, त्याच्या वहीत ती रक्कम देणे म्हणूनच लिहिली जावी. उशिरा आलेला रोग हे उशिरा सादर झालेले बिल आहे, आणि प्रामाणिक पेढी उशीर झाला म्हणून बिल नाकारीत नाही.