नात्याची माया आणि कायद्याचा आधार

पोरके लेकरू काका-मामाच्या घरी वाढते, ही आपल्या गोंदिया जिल्ह्यातील जुनी रीत. या मायेला आम्ही वंदन करतो. परंतु स्नानसंस्काराच्या दाखल्याने कायदेशीर पालकत्व सिद्ध होत नाही.

१९५६ चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांच्यापुरता आहे. ख्रिस्ती कुटुंबे दीर्घकाळ १८९० च्या पालक व पाल्य कायद्यावर विसंबली. त्याखाली न्यायालय पालक नेमते. मात्र मूल अठरा वर्षांचे होताच ते पालकत्व संपते, वारसाहक्कही लाभत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार काका, आत्या, मामा, मावशी, आजी-आजोबा यांना, धर्म कोणताही असो, नात्यातील मूल दत्तक घेता येते. २०२१ च्या दुरुस्तीने आदेशाचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपविला. चौकशी जिल्हा बाल संरक्षण कक्षात करावी.

भुसावळच्या न्यायालयाने एका घटस्फोटित, नोकरदार मावशीला दत्तकाची परवानगी नाकारली होती. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला.

दत्तकविधानाने जन्मदात्यांशी असलेले कायदेशीर नाते तुटते. म्हणून ते हयात असल्यास पालकत्वाचा मार्गही विचारात घ्यावा. मूल पोरके असेल, तर मात्र दत्तकविधानच त्याला पूर्ण हक्क देते, असे आमचे मत आहे. कॅनन कायद्याचे ११० वे कलमही अशा मुलास दत्तक मातापित्यांचेच अपत्य मानते.

संत योसेफाने येशूला घर दिले, तसेच नाव आणि दावीदाचे कुळही दिले. आपणही लेकरांना घासाबरोबर हक्क देऊ या.