जाहीर आवाहन : प्रतिजैविकांचा वापर विवेकाने व्हावा

नरसी नामदेव व पंचक्रोशीतील समस्त ग्रामस्थ, औषधविक्रेते आणि संतश्रेष्ठ नामदेव महाराजांच्या दर्शनार्थ येणारे तमाम यात्रेकरू यांस सविनय विनंती, ती ऐशी :

पडशाने अंग मोडून आले की मेडिकलवर जाऊन "जरा पावरची गोळी द्या" म्हणावयाचे, दोन दिवसांत उतार पडताच उरलेली अर्धी पट्टी देवळीत ठेवावयाची आणि पुढे शेजारच्या पोरास ताप भरला म्हणजे तीच काढून द्यावयाची, हा जो रिवाज आपल्यात बिनदिक्कत रूढ झाला आहे, तो बंद होणे अत्यंत अगत्याचे आहे.

ग्रीक भाषेतील 'विरुद्ध' आणि 'जीवन' या अर्थांच्या पदांपासून सिद्ध झालेला 'अँटिबायोटिक' हा शब्द सेलमन वॅक्समन या मृत्तिकाजंतूंच्या अभ्यासकाने १९४० नंतरच्या दशकात रूढ केला. एका सूक्ष्मजीवाने निर्मिलेले व दुसऱ्याची वाढ रोखणारे किंवा त्याचा नाश करणारे द्रव्य, असा त्याचा अर्थ त्याने ठरविला. क्षयावरील पहिले गुणकारी प्रतिजैविक, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली त्याच्याच प्रयोगशाळेत शेणखत घातलेल्या शेतजमिनीतील जंतूपासून हाती आले. या औषधांची सत्ता जीवाणूंवर चालते. सर्दी वा फ्लू यांच्या मुळाशी विषाणू असल्याने तेथे ती सर्वथा निष्फळ होत.

अपुऱ्या मात्रेने दुबळे जंतू मरतात, चिवट तेवढे उरून बळावतात, ही धोक्याची सूचना पेनिसिलिनचे शोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच दिली होती. पेनिसिलिन देशातच तयार व्हावे म्हणून सरकारने १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना काढला. तेव्हा औषधाची टंचाई होती, आता औषध मुबलक असून त्याच्या गुणाचीच टंचाई होऊ पाहत आहे. शिवाय असा चिवट झालेला जंतू ज्याने कसूर केली त्याच्याच घरी थांबत नाही. यात्रेच्या गर्दीत तो निरपराध्यासही गाठतो.

सबब, ज्या पट्टीवर उभी तांबडी रेघ आहे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीखेरीज कोणी मागू नये. दिलेली मुदत स्वमताने तोडू नये. उरलेल्या गोळ्या दुसऱ्यास देऊ नयेत. जनावरांसही पशुवैद्यांच्या सल्ल्यावाचून ही औषधे टोचू नयेत. एच-१ अनुसूचीतील औषधांच्या विक्रीची रोग्याच्या व डॉक्टरांच्या नावांसह स्वतंत्र वहीत नोंद ठेवण्याचा नियम मार्च २०१४ पासून जारी आहे, तो विक्रेत्यांनी कसोशीने पाळावा. ज्येष्ठांनी हे आवाहन निरक्षर बंधुभगिनींस वाचून दाखवावे आणि पहिली अंमलबजावणी प्रत्येकाने आपल्या घरापासून आजच करावी.

आपले नम्र,
आरोग्यहितैषी ग्रामस्थ, नरसी नामदेव, जि. हिंगोली