पहाटेचा कोयता

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडते, त्याच सुमारास आपल्या जिल्ह्यातील साखर कारखान्यांचे गळीत सुरू होते. पाथर्डी-शेवगावकडील, तसेच शेजारच्या बीड जिल्ह्यातील कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीसाठी प्रवराकाठच्या फडांवर उतरतात. पहाटे आपण पांघरुणात असतो, तेव्हा ही मंडळी दहिवराने भिजलेल्या उसात उभी असतात. मग कोणाचे बोट कापले, कोणाच्या गाडीस मागून मोटारीने धडक दिली, असे कानी येते व आपण "त्याचे नशीब" म्हणून मोकळे होतो. हे मत मला मान्य नाही.

थंडीत हात कसा फसतो ते पाहा. आतील अवयवांची ऊब राखण्याकरिता शरीर बोटांकडील रक्तप्रवाह कमी करते. बोटे बधिर होतात, मूठ सैल पडते. ओल्या उसावरून कोयता निसटावयास एवढे पुरे. रस्त्यावरही तीच गत. मागे लोंबणाऱ्या उसाने ट्रॉलीचा दिवा झाकला जातो, आणि धुक्यातून भरधाव येणाऱ्यास ती अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.

मग उजाडेपर्यंत हे लोक थांबत का नाहीत? कारण मजुरी टनावर मिळते आणि मुकादमाची उचल फेडावयाची असते. जो तासभर थांबेल, त्याचे तेवढे नुकसान. तेव्हा केवळ "जपून काम करा" असा उपदेश त्यास करणे व्यर्थ होय. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने कारखान्यातील धोक्याच्या यंत्रांस कठडे घालावयास लावले. फडावरच्या कोयत्याभोवती मात्र असा कठडा कोणी घातला नाही.

कोणी म्हणेल, तोड उशिरा सुरू झाली तर कारखाना बंद पडेल. परंतु दिवसा तोडलेला ऊस रात्री गाळता येतो. प्रश्न केवळ आखणीचा आहे. तोड उजाडल्यावर सुरू व्हावी, आणि त्यापायी मजुराची मजुरी बुडू नये. ज्या गाडीच्या पाठीमागे चमकणारी पट्टी नाही, तिचे वजनच काट्यावर होऊ नये. शेतकऱ्यांनी एकजुटीने कारखाना उभारावा, हे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० च्या सुमारास याच जिल्ह्याने प्रवरानगरास करून दाखविले. त्या जिल्ह्यास एवढे अशक्य नाही.

पालकमंडळींपैकी अनेकांच्या शेतात ऊस उभा आहे. आपल्या फडावर टोळी आली, तर सूर्योदयापूर्वी कोयता चालू देऊ नका. हात शेकावयास शेकोटी अवश्य द्या, परंतु ती पाचटाच्या कोप्यांपासून दूर असू द्या. आणि मुलांनो, सायकलीच्या दुकानात चमकपट्टी मिळते. दारावरून जाणाऱ्या एका तरी गाडीस ती तुम्ही स्वतः लावा. आपल्या वर्गातील एखाद्या मुलाचे वडील ती गाडी हाकीत असतील.