रोमानियाला जायचं ते कुणासाठी?

मंडळी, आपल्या मंडळात सध्या एक प्रस्ताव फिरतो आहे, तो तुमच्यापर्यंत पोचला असेलच. ईस्टरच्या सुट्टीत पंधरा-सोळा वर्षांची मुलं आणि त्यांचे पालक अशा चौदा जणांनी रोमानियाला जायचं. तिथल्या खेड्यांतून चार दिवस गरीब कुटुंबांच्या घरी भेटी द्यायच्या, इथून नेलेली पार्सलं वाटायची, एक दुपार बालगृहातल्या मुलांबरोबर घालवायची आणि परत यायचं. माणशी अंदाजे सहाशे पौंड. प्रस्ताव मांडणारी मंडळी माझ्या ओळखीची आहेत, मनाने चांगली आहेत. गणपतीला रात्री दोन वाजेपर्यंत भांडी घासणारी हीच मंडळी. म्हणूनच कुजबुज करण्यापेक्षा इथे उघड लिहितो. माझा या प्रस्तावाला विरोध आहे. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही.

मी आयटीतला माणूस. मास्टर्स करायला या देशात आलो आणि इथेच राहिलो. कामानिमित्त काही वर्षं क्लुजला जाणं-येणं होतं. क्लुज हे रोमानियाच्या वायव्येकडचं मोठं शहर, आपल्या पुण्यासारखंच कॉलेजं आणि सॉफ्टवेअर कंपन्यांनी भरलेलं. तिथला एक सहकारी माझ्याच वयाचा. त्याच्या लहानपणी, १९९० नंतर, ब्रिटनहून लॉऱ्या यायच्या त्याबद्दल तो सांगायचा. कपडे, खेळणी, डबाबंद अन्न. डब्यांवरचं इंग्रजी वाचता येत नसल्यामुळे आत काय आहे हे उघडल्यावरच कळायचं. आलेले लोक फार प्रेमळ असत, निघताना त्यांना रडू फुटे, आणि पुढच्या वर्षी दुसरेच लोक येत. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. पाऊस कसा पडायचा हे सांगावं तसं तो सांगायचा.

त्या लॉऱ्या का येत होत्या हे तरुण वाचकांना ठाऊक नसेल, म्हणून थोडं सांगतो. चाउशेस्कूच्या राजवटीने १९६६ साली गर्भपातावर बंदी घातली. लोकसंख्या वाढवायची होती. पोरं झाली, पण घरात खायला नव्हतं, आणि सरकारच सांगत होतं की तुम्हाला झेपत नसेल तर मूल आमच्या संस्थेत ठेवा. डिसेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळली तेव्हा अशा संस्थांमध्ये एक लाखाहून जास्त मुलं होती. ती दृश्यं टीव्हीवर आली आणि ब्रिटन हेलावून गेलं. बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसनच्या पत्नीने, ऑलिव्हियाने, निधी उभारला. गावोगावची चर्चं, शाळा, रोटरी क्लब, लॉरीचालक, सगळे मदतीला धावले. ख्रिसमसला मुलांनी बुटांच्या खोक्यात भेटवस्तू भरून पाठवायची जी पद्धत आपल्या मुलांच्या शाळांतूनही पोचली, तीसुद्धा १९९० साली रोमानियासाठीच वेल्समध्ये सुरू झाली.

आता खरी गोम बघा. त्या मुलांपैकी बहुतेक अनाथ नव्हतीच! आई किंवा बाप किंवा दोघेही जिवंत होते. घरात मूल ठेवण्याइतके पैसे नव्हते, एवढंच. म्हणजे गरज होती ती घराला सरपणाची, छपराची, आईच्या कामाची. आणि जगभरची मदत मात्र त्या इमारतींना रंग लावण्यात, पलंग आणि खेळणी आणण्यात जात होती. सुरुवातीला मुलं मरत होती, तेव्हा ते करणं भागच होतं, त्याला मी नावं ठेवत नाही. पण पुढे इमारत चांगली झाली की शेजारच्या गावातल्या गरीब आईला वाटणारच, माझ्या झोपडीपेक्षा माझं लेकरू तिथेच बरं. मदत जितकी इमारतीला, तितकी इमारत भरलेली.

हे काही माझं तत्त्वज्ञान नव्हे. याच्यावर मोजून-मापून काम झालेलं आहे. बुखारेस्टमध्ये २००० च्या सुमारास अमेरिकन संशोधकांनी संस्थेतली १३६ मुलं घेऊन अभ्यास केला. निम्मी चिठ्ठ्या टाकावं तसं निवडून पालक-कुटुंबांकडे दिली. घरात गेलेल्या मुलांची वाढ, बुद्धी, माणसांशी जोडलं जाणं, सगळं संस्थेतल्या मुलांपेक्षा सुधारलं, आणि जितकं लवकर घर मिळालं तितकं जास्त. इथे लंडनमध्ये सर मायकेल रटर यांच्या गटाने, रोमानियातून ब्रिटनमध्ये दत्तक आलेल्या १६५ मुलांचा पाठपुरावा ती मोठी होईपर्यंत केला. सहा महिन्यांच्या आत संस्थेतून सुटलेली मुलं बहुतांशी सावरली. त्याहून जास्त काळ तिथे काढलेल्या अनेकांना ते मोठेपणीही पुरलं. रोमानिया स्वतः यातून शिकला. २००४ च्या कायद्याने दोन वर्षांखालच्या मुलांना संस्थेत ठेवायला सर्वसाधारणपणे मनाई केली, आणि त्या जुन्या प्रचंड संस्थांपैकी बहुतेक आज बंद झाल्या आहेत.

या अभ्यासांतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण ती थेट आपल्यापर्यंत येते. संस्थेत वाढलेली अनेक मुलं कुणाही अनोळखी माणसाकडे धावत जातात, मांडीवर बसतात, हात धरून बरोबर निघतात. भेट देऊन आलेले लोक घरी येऊन कौतुकाने सांगतात, ‘‘अहो, किती प्रेमळ मुलं! पाच मिनिटांत गळ्यात पडली!’’ ज्या मुलाला आपलं असं एक माणूस आहे, ते अनोळखी माणसाला बघून आईच्या पदराआड लपतं. तुमचं-आमचं पोर लपायचं ना? ज्याला कुणीच नाही, ते सगळ्यांकडे जातं. तज्ज्ञ याला प्रेमळपणा म्हणत नाहीत, जिव्हाळा तुटल्याचं लक्षण म्हणतात. आणि आपण चौदा जण एका दुपारसाठी जाऊन, त्यांना उचलून घेऊन, फोटो काढून, संध्याकाळच्या बसने निघून येणार. त्या वर्षात असे किती गट आले-गेले असतील, मोजायलाही कुणी नसतं.

तुम्ही म्हणाल, हे रोमानियाचं झालं. अहो, आपल्या इंडिया ट्रिपचं काय? मुलाचा वाढदिवस आश्रमात साजरा करणं हा आता आपल्याकडे रिवाजच झाला आहे. मुलांना ओळीने बसवायचं, जिलेबी वाढायची, त्यांनी ‘हॅपी बर्थडे’ म्हणायचं, तेही अशा मुलासाठी जो पुढच्या आठवड्यात हीथ्रोला उतरणार. त्यांचे स्वतःचे वाढदिवस कोण लक्षात ठेवतं? तिथल्याही अनेक मुलांना आई आहे. कुठे नवरा गेलेली बाई आहे, कुठे सहा महिने ऊसतोडीला जाणारं जोडपं. याच स्मरणिकेच्या आधीच्या काही अंकांत अशा मुलांचे चेहरे स्पष्ट दिसणारे फोटो छापले गेले. भारताचा २०१५ चा बाल न्याय कायदा काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख माध्यमांतून उघड करायला मनाई करतो. आपल्या मुलाच्या शाळेने परवानगीचा फॉर्म न घेता फोटो टाकला तर आपण हेडटीचरला ईमेल करतो. शाळेत दर आठवड्याला वाचन घ्यायला जायचं तर आपण निमूटपणे डीबीएस तपासणी करून घेतो. परक्याच्या मुलांपर्यंत पोचायला मात्र जिलेबीचा डबा पुरतो!

आता आक्षेप. पहिला, आणि तो खरा आहे: ‘‘आपल्या मुलांना जाणीव व्हायला नको का? सगळं आयतं मिळालंय त्यांना.’’ व्हायला हवी. पण आपल्या मुलाला धडा मिळावा म्हणून दुसऱ्याच्या घरातलं दारिद्र्य बघायला न्यायचं, याला काय म्हणावं? कल्पना करा, कोल्हापूरच्या पुरात तुमच्या मावशीचं घर पाण्यात गेलंय आणि चौदा परदेशी माणसं दारात उभी राहून आपल्या मुलांना म्हणताहेत, बघा, किती सोसतात. मावशी त्यांना चहासुद्धा करील, कारण आपली रीतच तशी. रोमानियातल्या आयांचीही तशीच आहे. आणि युनिव्हर्सिटीच्या अर्जासाठीच म्हणाल, तर ड्यूक ऑफ एडिंबरा अवॉर्डसुद्धा ब्राँझच्या सेवेला किमान तीन महिने मागतो, आठवड्याला सरासरी तासभर. चार दिवसांची धाड तिथेही चालत नाही.

दुसरा आक्षेप: ‘‘ज्याचा तो खर्च करणार, मंडळाचं काय जातं?’’ चौदा गुणिले सहाशे म्हणजे ८,४०० पौंड, शेवटी विमान कंपनी आणि हॉटेलच्या खिशात. या रकमेचं वजन कळावं म्हणून घरचाच हिशोब करू. महाराष्ट्र सरकारची बालसंगोपन योजना आहे. अनाथ किंवा एकच पालक असलेल्या मुलाला संस्थेत न टाकता घरी किंवा नातेवाइकांकडे वाढवता यावं म्हणून २०२३ पासून तिच्यात दरमहा २,२५० रुपये दिले जातात. पौंडाला ११० रुपये धरले तरी ८,४०० पौंडांत याच दराने ३४ मुलांचं वर्ष निघतं. चौतीस मुलं आईजवळ, की चौदा जणांचे चार दिवस?

तिसरा आक्षेप मला सभेतच कुणी तरी ऐकवला: हे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, प्रत्यक्ष जाऊन बघायला नको का? मी भेटींच्या विरोधात नाही. पुण्याची ‘मैत्री’ संस्था १९९७ पासून मेळघाटात काम करते आहे. पावसाळ्यात, जेव्हा तिथली मुलं जास्त दगावतात, तेव्हा त्यांचे स्वयंसेवक दहा-दहा दिवसांच्या तुकड्यांनी जातात, एक तुकडी परतली की दुसरी. काय करायचं ते आधी शिकवलेलं असतं, चिखल तुडवत पाड्यावर जावं लागतं, आणि वर्षभर तिथे राहणारी माणसं वेगळी असतात. याला काम म्हणतात. आपल्या प्रस्तावात पार्सल देण्यापलीकडे आपल्याला येणारं, आणि तिथल्या कुणी मागितलेलं, असं एकही काम नाही.

एक गोष्ट सभेत घडली ती मात्र मनातून जात नाही. कुणी तरी हसत म्हणालं, तिथे जिप्सी फार, पर्स सांभाळा. ज्या कुटुंबांकडे आपण निघालो आहोत, त्यांपैकी बरीच रोमा असणार. त्यांच्या भाषेत पाण्याला ‘पानी’ म्हणतात, कानाला ‘कान’, केसांना ‘बाल’. हजारेक वर्षांपूर्वी आपल्याच बाजूने निघालेली ही माणसं. १८५० च्या दशकापर्यंत रोमानियाच्या भूमीवर ती गुलाम म्हणून विकली जात. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, स्वतंत्र भारताने १९५२ साली त्यांना मुक्त केलं, तरी गावात चोरी झाली की आजही पोलिस आधी पारध्यांच्या पालावर जातात. पर्स सांभाळा म्हणणाऱ्याने पार्सल घेऊन कुणाच्या दारात जाऊ नये.

आणि जायचंच असेल तर ल्यूटन विमानतळ कशाला गाठायचा? २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये परदेशी जन्मलेल्यांत पहिला क्रमांक भारताचा, सव्वानऊ लाखांच्या आसपास. चौथा क्रमांक रोमानियाचा, सुमारे ५ लाख ३९ हजार. आपण हॅरो, केंटन, एजवेअरला राहतो आणि बर्न्ट ओकच्या हमरस्त्यावर रोमानियन दुकानं आहेत. तुमची गाडी धुणारा, तुमच्या एक्स्टेन्शनच्या विटा रचणारा, रात्रपाळीला गोदामात खोकी भरणारी बाई, यांच्यातली अनेक कुटुंबं एका खोलीत राहतात. कित्येकांची मुलं तिकडे आजीजवळ आहेत, व्हॉट्सअ‍ॅपवर आईला बघतात. हे आपल्याला परकं वाटतं का?

म्हणून माझा उलट प्रस्ताव. ज्यांना सहाशे पौंड द्यायचे आहेत त्यांनी ते जरूर द्यावेत, रोमानियातलीच कुटुंबं एकत्र राखणाऱ्या नोंदणीकृत ब्रिटिश संस्थेला. १९९८ पासून तिथली बालगृहं बंद करत मुलांना घरी पोचवणारी ‘होप अँड होम्स फॉर चिल्ड्रन’ आहे. गिफ्ट एडचा फॉर्म भरलात तर सरकार प्रत्येक पौंडामागे २५ पेन्स घालतं, म्हणजे ८,४०० चे १०,५०० होतात. मुलांनी दर शनिवारी सकाळी दोन तास, बर्न्ट ओक परिसरातल्या एखाद्या लायब्ररीत किंवा चर्चच्या हॉलमध्ये, तिथल्या लोकांना विचारून ठरेल तिथे, लहान मुलांना गणित आणि इंग्रजी शिकवावं. जीसीएसईच्या गणितात आपल्या मुलांना हरवणारं कोण आहे? मोठ्यांनी जीपीकडे नाव नोंदवणं, शाळाप्रवेश, कौन्सिलची पत्रं यांत मदत करावी. इमिग्रेशनचा सल्ला मात्र द्यायचा नाही. नोंदणीशिवाय तो देणं इथे गुन्हा आहे. (मंडळातल्या स्वयंघोषित व्हिसातज्ज्ञांनी कृपया नोंद घ्यावी!)

फोटो नाहीत, बॅनर नाही, मंडळाचे टी-शर्ट नाहीत. निदान एक वर्ष. आतापर्यंत पाच घरांनी मला होकार कळवला आहे. मत सर्वसाधारण सभेत घेऊच, पण डीबीएसला काही आठवडे जातात आणि स्वयंसेवकांकडून सरकार त्याची फी घेत नाही, तेव्हा ज्यांना यायचं आहे त्यांनी ते फॉर्म सभेची वाट न बघता भरायला घ्यावेत.